बरणी नंबर सात

नयना आत्राम शिक्षण संपवून किनवटला गेली
आणि हॉस्टेलच्या कोपऱ्यातली बरणी
माझ्या हवाली करून गेली.
तोंडाला मलमलचं फडकं, रबरबँड,
पोटावर खडूनं लिहिलेलं सात.
आत चहा, नुसता चहा,
आणि चहावर तरंगणारी
भाकरीएवढी जाड, निसरडी साय.
"मावशी, ही आई आहे," म्हणाली.
"हिला साखर घाला. ऊन दाखवू नका. लोखंड लावू नका."
मी म्हटलं, बाई,
बाळंतपणात मला कुणी एवढं जपलं नव्हतं.

सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेत काचा धुतल्या.
आम्लानं साड्यांना पडलेली भोकं
मोजून दाखवीन, कधी या.
तेव्हा मला घाई नव्हती.
बरणी पलंगाखाली सरकवली, एकवीस दिवस.
परभणीच्या मे महिन्यात
न आंबणारी गोष्ट मी तरी पाहिली नाही.

बाविसाव्या दिवशी फडकं सोडलं
तर वास थेट गल्लीत.
शेजारची कौसरबी दारातच उभी,
"काय करायलीस गं? गाळायलीस की काय?"
"तोंडाला लावायलेय."
ती हसत हसत उंबऱ्यावरच बसली.

हसू द्या. माझ्या गालांवर वांग आहेत,
धाकट्याच्या वेळचे.
डावीकडचा अख्खा परभणी जिल्हा,
उजवीकडचा त्यातून फुटून निघालेला हिंगोली.
वीस रुपयांपासून नऊशे रुपयांपर्यंतच्या ट्यूबा
या दोन जिल्ह्यांत जिरल्या.

लॅबमधल्या तारीख उलटलेल्या दोन पट्ट्या आणल्या.
बुडवली एक. नारिंगी आली.
म्हणजे तीन. म्हणजे लिंबाच्या शेजारचं घर.
तिथं तोंड घेऊन तसंच जायचं नसतं.
एक चमचा चहा, पाच चमचे उकळून गार केलेलं पाणी,
आधी कोपराच्या आतल्या बाजूला,
आणि एक रात्र वाट.
कौसरबीला वाट पाहणं ठाऊक नाही.
तिनं वाटीभर नेलं, तसंच, बिनपाण्याचं,
फडक्यानं चोळलं.
सकाळी तोंड लाल, सोललेल्या गाजरागत.
तीन दिवस ओढणीआड.
चौथ्या दिवशी येऊन सांगते,
"मी लई चिडले असं वाटलं त्यांना.
तीन दिवस गुपचूप भांडी घासली माणसानं."

मी मात्र मापात.
मुलतानी माती, त्यात दोन चमचे चहा,
कोरफडीचा गर अंगणातल्या कुंडीतला.
वाळेपर्यंत बोलायचं नाही.
घरात बोलायला होतं तरी कोण,
तरी ती वीस मिनिटं
कुणीतरी गप्प बसवल्यासारखी गेली.

उरलेलं केसांवर ओतलं.
आमच्या बोअरचं पाणी असं,
की बादलीला कड धरते पांढरी,
आणि केस काथ्या.
त्या दिवशी कंगवा पहिल्यांदा
वरून खालपर्यंत न अडता आला.
मी पुन्हा फिरवला. पुन्हा.
मग नळाला लावलं. नळ उजळला.
मग हात लागला तसा आरशाला.

आरसा बेसिनवरचा, चौदा वर्षांचा,
बोअरच्या शिंतोड्यांनी चढवलेला क्षार.
चिंधी फिरवत गेले आणि
कपाळावरचे डाग निघाले,
हनुवटीवरचे निघाले,
नाकाशेजारचा, ज्याला मी तीळ समजत होते, तोही.
परभणी राहिली. हिंगोलीही राहिली.
बाकीचा मुलूख माझा नव्हताच.

नयनाचा फोन आला. "मावशी, गेले का वांग?"
"नाही गं."
"मग टाकून दिली का आई?"
टाकते कशी. तिच्याखाली नवा थर धरलाय,
पापडाएवढा, पारदर्शक,
तो कौसरबीला द्यायचाय
पाण्याच्या मापासकट.

डॉक्टरांनी मला गोड कमी सांगितलंय.
सकाळी पातेलं चुलीवर चढवते,
माझ्या कपात चिमूटभर,
बाकीची साखर हिच्या बरणीत.